‘सोडलं’ इंग्रजीत सांगताना: क्विट, रिझाइन, लीव्ह, गिव्ह अप यांतलं कोणतं कुठे

नोकरी सोडली, तंबाखू सोडली, गाव सोडलं, शाळा सोडली, हट्ट सोडला, उपास सोडला. मराठीत एकटं ‘सोडणं’ एवढ्या सगळ्यांना पुरतं, कारण नेमकं काय झालं ते आधीचं नाम सांगून टाकतं. इंग्रजीत तसं भागत नाही. तिथे क्रियापदावरूनच कळतं की काय सोडलं, कागदावर सोडलं की नुसतं येणं बंद केलं, स्वतः सोडलं की सोडायला लावलं. म्हणून शब्द चुकला की अर्थच फिरतो, आणि समोरचा चूक दाखवत नाही, त्याला कळलं तसंच तो धरून चालतो.

वाळूज, शेंद्रा, जालन्याच्या किंवा पुण्याच्या कंपनीत नव्याने लागलेल्यांना, मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना आणि कॉलेजात इंग्रजी अर्ज लिहिणाऱ्यांना हे शब्द रोज लागतात. पुढचा क्रम पाळला तर गोंधळ होत नाही.

१. आधी मराठी वाक्य तपासा: सोडलं की सुटलं?

भाषांतराला हात लावण्याआधी हे करा. ‘नोकरी सोडली’ आणि ‘नोकरी सुटली’ यांत जो फरक आहे, तोच इंग्रजीला सर्वांत आधी हवा असतो. सोडली म्हणजे निर्णय तुमचा. सुटली म्हणजे निर्णय दुसऱ्याचा किंवा परिस्थितीचा. लातूर-नांदेडकडे ‘मी नोकरी सोडलो’ असं बोलतात, त्यात तर करणारा थेट क्रियापदातच येऊन बसतो. ही सवय इंग्रजीसाठी उपयोगाची आहे: कोणी केलं ते आधी ठरवा.

नोकरी सोडली: आय लेफ्ट माय जॉब.
नोकरी सुटली: आय लॉस्ट माय जॉब.

‘शाळा सुटली’चे तर दोन अर्थ. पाच वाजता घंटा झाली तर ‘स्कूल इज ओव्हर’. आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जावं लागलं आणि परत वर्गात बसता आलं नाही, तर ‘आय हॅड टु लीव्ह स्कूल’. त्यातलं ‘हॅड टु’ गाळू नका. नाइलाज होता हे तेवढ्या दोन शब्दांतच येतं.

२. फसवे ‘सोडणं’ बाजूला काढा

काही वाक्यांत ‘सोडलं’ दिसतं, पण तिथे क्विट, लीव्ह यांतलं काहीच चालत नाही. जायकवाडीतून पाणी सोडलं: रिलीज्ड. गणित सोडवलं: सॉल्व्ह्ड. उपास सोडला: ब्रोक द फास्ट. या शेवटच्यात मोठी गंमत आहे, कारण ‘ब्रोक’चा शब्दशः अर्थ मोडला. मराठीत द्वादशीला उपास सोडणं आणि मध्येच चिवडा खाऊन उपास मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी. इंग्रजीत दोन्हीला ‘ब्रेक’च येतं आणि संदर्भावरून समजून घ्यावं लागतं.

बहिणीने जमिनीवरचा हक्क सोडला तर शब्द ‘रिलीज’ किंवा ‘रिलिंक्विश’. हक्कसोडपत्राला इंग्रजी कागदांत ‘रिलीज डीड’ म्हणतात. अशा कागदात ‘लेफ्ट’ लिहिलं तर वाचणाऱ्याला ती तिथे राहत होती आणि निघून गेली, एवढंच वाटेल. विम्याची पॉलिसी स्वतःहून मुदतीआधी बंद करून पैसे घेतले तर ‘सरेंडर’. हप्ते थकून ती बंद पडली तर ‘लॅप्स’. इथेही पुन्हा सोडली आणि सुटली यांचाच फरक.

३. लीव्ह: सर्वांत सोपा, तरी सर्वांत जास्त चुकणारा

लीव्ह म्हणजे जागा, माणसं किंवा संस्था यांच्यापासून निघणं. भूतकाळ ‘लेफ्ट’. नोकरी, कंपनी, गाव, घर, शाळा, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप, सगळ्यांना चालतो. त्यात ना औपचारिकपणा आहे, ना राग, ना कारण. मुलाखतीत ‘व्हाय डिड यू लीव्ह युअर लास्ट जॉब?’ असाच प्रश्न येतो. उत्तरातही ‘लेफ्ट’च वापरा. तिथे ‘क्विट’ म्हटलं तर भांडून निघाल्यासारखं कानाला लागतं.

आता सापळे. हे चार पाठ केलेत तरी पुष्कळ झालं.

‘लेफ्ट लातूर’ म्हणजे लातूरहून निघालो. ‘लेफ्ट फॉर लातूर’ म्हणजे लातूरला जायला निघालो. मध्ये एक ‘फॉर’ आला की दिशा उलटी होते. नातेवाईक स्टँडवर घ्यायला येणार असतील तर हा फरक महागात पडतो.

‘आय वॉन्ट लीव्ह’ म्हणजे मला रजा हवी. ‘आय वॉन्ट टु लीव्ह’ म्हणजे मला निघायचंय किंवा नोकरी सोडायचीय. एका ‘टु’ने रजेचा अर्ज राजीनाम्यासारखा वाचला जातो. ‘आय अ‍ॅम ऑन लीव्ह’ आणि ‘आय अ‍ॅम लीव्हिंग’ यांचंही तसंच.

‘आय अ‍ॅम लेफ्ट’ असं वाक्य करू नका. व्हॉट्सअ‍ॅपमुळे आपण ‘तो ग्रुपमधून लेफ्ट झाला’ म्हणायला लागलो आणि त्या ‘झाला’चं ‘अ‍ॅम’ झालं. पण इंग्रजीत ‘ओन्ली आय अ‍ॅम लेफ्ट’ म्हणजे फक्त मीच उरलोय, म्हणजे अगदी उलट. बरोबर वाक्य: आय लेफ्ट, किंवा आय हॅव लेफ्ट.

आणि चौथा, सवयींसाठी लीव्ह वापरू नका. ‘आय लेफ्ट टोबॅको’ म्हटलं की तंबाखूची पुडी कुठेतरी विसरून आलात असं वाटतं. सवयीचे शब्द वेगळे आहेत, ते सहाव्या पायरीत.

दाखल्याबद्दल एक शंका बरेच जण विचारतात. शाळा सोडल्याच्या दाखल्याला आपण एलसी म्हणतो, म्हणजे लीव्हिंग सर्टिफिकेट. त्यातल्या लीव्हिंगवरून शिक्षण अर्धवट सुटलं असा अर्थ निघत नाही. दहावी पास होऊन बाहेर पडलेल्यालाही तोच दाखला मिळतो. म्हणून एलसी आहे म्हणून अर्जात स्वतःला ‘ड्रॉपआउट’ लिहू नका.

४. रिझाइन: कागद आला की हाच

रिझाइन म्हणजे पदाचा राजीनामा देणं. तो पदालाच लागतो. तंबाखू, गाव, मैत्री यांना लागत नाही. मजुरीचं काम, ज्याला नियुक्तीपत्रच नाही, त्यालाही तो जड होतो. तिथे ‘लेफ्ट’ पुरे.

उच्चार रिझाइन, स्पेलिंग आर-ई-एस-आय-जी-एन. इथे जी मुका. पण नाम करताना तोच जी बोलू लागतो: रेझिग्नेशन. स्पेलिंगमध्ये चुकूनही आर-ई नंतर आडवी रेघ टाकू नका. रेघेसह तो ‘री-साइन’ होतो, म्हणजे करारावर पुन्हा सही करणं. क्रिकेटपटूने संघाशी ‘री-साइन’ केलं म्हणजे तो राहिला. ‘रिझाइन’ केलं म्हणजे गेला. एका रेघेवर राहणं-जाणं ठरतं.

पुढे शब्द कोणता जोडायचा तेही पाहा. पद किंवा संस्था असेल तर ‘फ्रॉम’: रिझाइन फ्रॉम द पोस्ट, रिझाइन फ्रॉम द कंपनी. स्वतःची भूमिका सांगायची तर ‘अ‍ॅज’: रिझाइन अ‍ॅज सेक्रेटरी. सोसायटीचा सचिव असो की ग्रामपंचायतीचा सदस्य, दोन्ही रचना चालतात.

या शब्दाचा सर्वांत वाईट सापळा म्हणजे ‘आय अ‍ॅम रिझाइन्ड’. मराठीत ‘मी राजीनामा दिलेला आहे’ यातल्या ‘आहे’चं ‘अ‍ॅम’ होतं आणि हे वाक्य तयार होतं. इंग्रजीत ‘रिझाइन्ड टु’ म्हणजे नशिबात आहे ते निमूट स्वीकारलेला. पाऊस लांबला, दुबार पेरणीची वेळ आली आणि शेतकरी आता काय करणार म्हणून गप्प बसला, तर तो ‘रिझाइन्ड टु इट’. तुम्हाला म्हणायचंय ‘आय हॅव रिझाइन्ड’, किंवा तारीख सांगत असाल तर ‘आय रिझाइन्ड ऑन फिफ्टीन्थ जुलै’. तारीख आली की ‘हॅव’ जातो.

राजीनाम्याचा ईमेल लिहिण्याआधी हे जवळ ठेवा:

– नियुक्तीपत्र. त्यातलं नोटीस पीरियडचं कलम शोधा; दिवस ३० आहेत, ६० की ९०, ते स्वतः वाचा, सहकाऱ्याला विचारून लिहू नका.
– पदाचं नाव, पत्रात जसंच्या तसं आहे ते.
– कॅलेंडर, शेवटचा दिवस मोजायला.
– स्वतःचा खासगी ईमेल पत्ता. कंपनीचा पत्ता बंद झाल्यावर रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, या खासगी पत्त्यावरच येतं.
– यूएएन, म्हणजे तुमच्या पीएफ खात्याचा क्रमांक.

आणि मजकूर एवढाच:

‘डिअर सर, आय अ‍ॅम रायटिंग टु रिझाइन फ्रॉम माय पोझिशन अ‍ॅज क्वालिटी इन्स्पेक्टर. अ‍ॅज पर माय अपॉइंटमेंट लेटर, माय नोटीस पीरियड इज थर्टी डेज. माय लास्ट वर्किंग डे विल बी फोर्टीन्थ ऑगस्ट. प्लीज कन्फर्म द सेम अँड इश्यू माय रिलीव्हिंग लेटर.’

१५ जुलैला पाठवलात, दुसऱ्या दिवसापासून मोजलं, तर ३० वा दिवस १४ ऑगस्टला येतो. तारीख लिहिणं का महत्त्वाचं? ‘आफ्टर वन मंथ’ म्हटलं की कुठपासून एक महिना यावर वाद होतो. तारीख लिहिली की चर्चा त्या तारखेवरच होते. या मजकुरात क्विट नाही, लीव्ह नाही, गिव्ह अप नाही. कारण सांगायची इच्छा असेल तर ‘फॉर पर्सनल रीझन्स’ एवढं जोडा. सुपरवायझरची तक्रार राजीनाम्यात घालू नका, ती वेगळ्या पत्रात लिहा. दोन्ही एकत्र केलं की राजीनामा मंजूर होतो आणि तक्रार फाइलमध्ये तशीच राहते.

‘गिव्ह नोटीस’ आणि ‘सर्व्ह नोटीस पीरियड’ हे दोन वेगळे. पहिलं म्हणजे सोडतोय असं कळवलं. दुसरं म्हणजे कळवल्यानंतरचे दिवस प्रत्यक्ष काम करून भरले. नव्या कंपनीचा एचआर ‘आर यू सर्व्हिंग नोटीस?’ विचारतो तेव्हा त्याला दुसरं विचारायचं असतं. ‘पुट इन माय पेपर्स’ म्हणजे राजीनामा दिला, हेही भारतात सगळ्यांना कळतं, पण बोलण्यापुरतं ठेवा.

५. क्विट: बोलण्यातला, थोडा फटकळ

क्विट म्हणजे एकदम, स्वतःच्या मर्जीने, मागे न बघता सोडणं. नोकरीलाही चालतो, सवयीलाही. मित्राशी बोलताना ‘आय क्विट’ अगदी नैसर्गिक. साहेबांना ईमेलमध्ये तेच लिहिलं तर दार आपटल्यासारखं.

वर्तमान क्विट, भूतकाळही क्विट. ‘क्विटेड’ लिहिलेलं क्वचित सापडतं, तुम्ही वापरू नका. पुढे ‘फ्रॉम’ लावू नका: ‘क्विट द जॉब’, ‘क्विट फ्रॉम द जॉब’ नाही. क्रियापद आलं तर त्याला ‘आयएनजी’ लावा: ‘क्विट स्मोकिंग’, ‘क्विट टु स्मोक’ नाही. स्पेलिंगमध्ये शेवटी ई लागला की ‘क्वाइट’ होतं, म्हणजे बऱ्यापैकी. आणि ई आधी येऊन टी शेवटी गेला की ‘क्वायेट’, म्हणजे शांत. स्पेलचेकर या तिन्हींना बरोबर मानतो, म्हणून तिथे स्वतःचीच नजर हवी.

इतिहासात शिकलेला ‘क्विट इंडिया’ आठवतो ना? ८ ऑगस्ट १९४२, मुंबईचं गवालिया टँक मैदान. त्याचं मराठी ‘चले जाव’ झालं, ‘भारत सोडा’ही म्हणतात. तिथला क्विट जागा सोडण्याचा आहे, जुन्या वळणाचा. त्याच वळणाचा शब्द भाडेकरूच्या कागदांत टिकून आहे: घर रिकामं करायला सांगणाऱ्या नोटिशीला ‘नोटीस टु क्विट’ म्हणतात आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही तो शब्द आहे. संभाजीनगरला किंवा पुण्याला खोली भाड्याने घेतलेल्या मुलाच्या हातात असा कागद पडला, तर त्याचा नोकरीशी काही संबंध नाही, खोली रिकामी करायला सांगितलंय. हा कायद्याचा अपवाद वगळता आज रोजच्या बोलण्यात ‘आय क्विट लातूर’ म्हणत नाहीत. जागेला लीव्ह.

६. सवय सोडली: गिव्ह अप, स्टॉप, क्विट

तिन्ही चालतात, पण वजन वेगळं. स्टॉप म्हणजे थांबवलं. कायमचं की आजपुरतं ते कळत नाही. क्विट म्हणजे ठरवून तोडलं. गिव्ह अप म्हणजे आवडत होतं, तरी सोडलं. गोड आवडणाऱ्याने मधुमेहामुळे साखर सोडली तर ‘गेव्ह अप शुगर’ इतकं चपखल दुसरं काही नाही. २०१५ मध्ये सरकारने गॅसचं अनुदान स्वेच्छेने सोडायचं आवाहन केलं, त्या मोहिमेचं नाव ‘गिव्ह इट अप’ होतं. मिळत असलेलं आपणहून सोडणं, हाच त्या शब्दाचा गाभा.

त्या नावात व्याकरणही आहे. ‘इट’ मध्ये बसलाय. ‘गिव्ह अप इट’ म्हणत नाहीत. नाम असेल तर दोन्हीकडे चालतं, गिव्ह अप टोबॅको किंवा गिव्ह टोबॅको अप. पण इट, देम, हिम आले की मध्येच.

वस्तू न सांगता नुसतं ‘आय गिव्ह अप’ म्हटलं तर अर्थ हरलो, आता जमत नाही. कोडं सुटलं नाही की म्हणतात तसं. ‘गिव्ह अप ऑन हिम’ म्हणजे त्याच्याकडून आशा सोडली. ‘गिव्ह इन’ वेगळं: दबावापुढे नमलो. पोरगं मोबाइलसाठी दोन तास रडलं आणि शेवटी दिला, तर आई ‘गेव्ह इन’. पोरगं रडायचं थांबून झोपलं, तर पोरगं ‘गेव्ह अप’.

स्टॉपचा सापळा सगळ्यांना माहीत असतो, तरी बोलताना चुकतो. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे विडी बंद केली. ‘ही स्टॉप्ड टु स्मोक’ म्हणजे गाडी कडेला लावली आणि विडी पेटवली. डॉक्टरांना सांगताना हे उलटं झालं तर त्यांना तुमची सवय चालूच आहे असं वाटेल.

७. शिक्षण सोडलं: इथे जपून

ड्रॉप आउट म्हणजे शिक्षण पूर्ण न करता बाहेर पडणं. क्रियापद दोन शब्दांत, पुढे ‘ऑफ’: ड्रॉप्ड आउट ऑफ कॉलेज. माणूस किंवा घटना सांगणारं नाम एका शब्दात: ड्रॉपआउट. एखादा विषयच सोडला तर ‘ड्रॉप्ड मॅथ्स’, आउट नाही.

लातूरमध्ये बारावीनंतर नीट परीक्षेसाठी एक वर्ष घेतलं की सगळे ‘ड्रॉप घेतला’ म्हणतात. हा शब्द भारतातल्या कोचिंगच्या जगातला आहे. बाहेरच्या माणसाला ‘आय ड्रॉप्ड आफ्टर ट्वेल्थ’ ऐकून शिक्षण सोडल्यासारखंच वाटतं, आणि तुम्ही तर त्या वर्षी रोज बारा तास अभ्यास केलेला असतो. लिहा: ‘आय टुक अ गॅप इयर टु प्रिपेअर फॉर नीट’. बायोडेटात, शिष्यवृत्तीच्या अर्जात, परदेशी विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये, सगळीकडे हेच.

घरच्या अडचणीमुळे वर्षभर थांबून पुन्हा सुरू केलं असेल तर ‘डिसकंटिन्यूड माय स्टडीज फॉर अ इयर अँड देन रिझ्यूम्ड’. रिझ्यूम्ड लिहायला विसरू नका, नाहीतर गोष्ट डिसकंटिन्यूडवरच संपते. प्रवेश रीतसर रद्द करून फी परत मागितली असेल तर ‘विथड्रॉ’. निवडणुकीत उमेदवारी अर्ज मागे घेतात तोही विथड्रॉ, आणि दिलेला राजीनामा मागे घेतात तोसुद्धा.

८. आपण सोडलं नाही, त्यांनी काढलं

इथे लाजेपोटी लोक ‘लेफ्ट’ म्हणतात आणि पुढे कागदपत्रं जुळत नाहीत. चुकीमुळे काढलं तर ‘डिसमिस्ड’, बोलीत ‘फायर्ड’ किंवा ‘सॅक्ड’. ‘टर्मिनेटेड’ म्हणजे नोकरी संपवली, कारण काहीही असो. करार संपला तरी कागदावर टर्मिनेशन दिसतं, त्यामुळे तो शब्द पाहून घाबरू नका, खालचं कारण वाचा.

‘लेड ऑफ’ची मात्र वेगळी भानगड आहे. अमेरिकी बातम्यांत लेड ऑफ म्हणजे नोकरी गेली. आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही, ‘ले ऑफ’ म्हणजे कच्चा माल नाही, वीज नाही, मशीन बंद पडलं अशा कारणाने तात्पुरतं काम देता न येणं. कामगाराचं नाव मस्टरवर राहतं. जालन्यातल्या एखाद्या रोलिंग मिलने ले ऑफची नोटीस लावली तर तुम्ही अजून तिथले कामगार आहात. कामगार कमी करायचे म्हणून कायमचं काढतात त्याला त्याच कायद्यात ‘रिट्रेंचमेंट’ म्हणतात. नोटिशीवर दोन्हींतला कोणता शब्द आहे तो बोट ठेवून वाचा.

९. न सांगता गेलो: अबॅन्डन आणि अ‍ॅबस्कॉन्ड

सुगीला गावी गेलो आणि परत गेलोच नाही. बोलताना याला आपण ‘सोडलं’च म्हणतो. कंपनीच्या कागदात मात्र हे रिझाइन नाही, ‘अबॅन्डनमेंट’ आहे, म्हणजे वाऱ्यावर सोडणं. एचआरची मंडळी ‘अ‍ॅबस्कॉन्डिंग’ही लिहितात, त्याचा मूळ अर्थ फरार. हा शब्द नावापुढे लागला की रिलीव्हिंग लेटर अडतं आणि पुढच्या कंपनीने चौकशी केली की तोच पुढे येतो. दोन ओळींचा राजीनाम्याचा ईमेल गावाकडून मोबाइलवरूनही पाठवता येतो. तो पाठवाच.

पीएफ काढतानाही शब्दच अडवतात. कंपनीने सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर २ महिन्यांनी यूएएनच्या संकेतस्थळावर ‘मार्क एक्झिट’मध्ये ती स्वतः भरता येते. तिथे कारण विचारतात आणि पोरं यादीत ‘रिझाइन’ शोधत बसतात. राजीनामा देऊन साधारण सोडलेल्या नोकरीसाठी निवडायचं ते ‘सेसेशन, शॉर्ट सर्व्हिस’. सेसेशन म्हणजे थांबणं, बंद होणं. सीज या क्रियापदाचं नाम. ‘सुपरअ‍ॅन्युएशन’ म्हणजे वयोमानाने निवृत्ती. पंचविसाव्या वर्षी तो पर्याय निवडू नका.

१०. उरलेले दोन

रिटायर म्हणजे निवृत्त होणं. महाराष्ट्र शासनाचे बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी होतात. क्रिकेटमधला ‘रिटायर्ड हर्ट’ फलंदाज मात्र बरा झाला की पुन्हा खेळायला येऊ शकतो. स्टेप डाउन म्हणजे मोठ्या पदावरून पायउतार होणं, अध्यक्ष किंवा मंत्री. ऑपरेटरसाठी वापरू नका.

११. हात बसवण्यासाठी

डावीकडचं मराठी झाकून उजवीकडच्या इंग्रजीवरून ते ओळखायचा प्रयत्न करू नका. उलटं करा: मराठी वाचा, स्वतः इंग्रजी बोला, मग पाहा.

काकांनी दारू सोडली: अंकल गेव्ह अप ड्रिंकिंग.
मी परभणी सोडलं तेव्हा दहा वर्षांचा होतो: आय वॉज टेन व्हेन आय लेफ्ट परभणी.
तिने सचिवपद सोडलं: शी रिझाइन्ड अ‍ॅज सेक्रेटरी.
कंपनी बंद पडली आणि नोकरी सुटली: द कंपनी क्लोज्ड अँड आय लॉस्ट माय जॉब.
त्याने दुसऱ्या वर्षी इंजिनिअरिंग सोडलं: ही ड्रॉप्ड आउट ऑफ इंजिनिअरिंग इन हिज सेकंड इयर.
आम्ही आशा सोडली नव्हती: वी हॅड नॉट गिव्हन अप होप.
नोकरी सोडली नाही, रजेवर आहे: आय हॅव नॉट लेफ्ट, आय अ‍ॅम ऑन लीव्ह.